नव्या कर्नलचा ड्रायव्हर

आबांनी बस थेट स्टॉपमध्ये घातली.

पत्र्याचं छप्पर उडालं, बाकडं आडवं झालं, वाट बघत उभी असलेली चित्रातली माणसं चारी दिशांना पांगली आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली: 'फेरी रद्द'. मागच्या स्टुलावर डुलकी घेत असलेले शेजारचे हेडमास्तर दचकून जागे झाले.

"अहो आबा," ते म्हणाले, "मला स्टॉपवर उतरायचं होतं, स्टॉपसकट नाही!"

"गप्प बसा हो. गाडीत काहीतरी बिघाड आहे."

आबांचे दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर आवळलेले होते. ते स्टिअरिंग प्लॅस्टिकचं, जेवणाच्या टेबलाला स्क्रूने घट्ट बसवलेलं. टेबलाखाली ब्रेक आणि अॅक्सिलरेटर. समोरची बस केव्हाच मरून पडली होती, तरी आबांनी ब्रेकवरचा पाय काढला नव्हता.

स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "आज काय गेलं?"

"छप्पर."

"काल कठडा, आज छप्पर. उद्या इकडे वळवू नका म्हणजे झालं. मी गॅसपाशी उभी आहे."

या बोलण्याने आबांना लागलं, कारण बोलणारी साधीसुधी बाई नव्हती. ती त्यांच्याच बसवर कंडक्टर होती. शहर बससेवेत दोघांनी सगळी नोकरी एकाच मार्गावर काढली; आबा पुढे, ती मागे. लग्न जमलं तेही त्या बसमध्येच. आबांच्या गाडीला डेपोत सगळे 'पाळणा' म्हणायचे. गिअर कधी बदलला ते कळायचं नाही, ब्रेक कधी लागला ते खिडकीबाहेर बघितल्यावरच समजायचं. त्यांच्याविरुद्ध तक्रारी आल्या नाहीत असं नाही, पण सगळ्या एकाच जातीच्या: झोप लागली आणि उतरायचा स्टॉप निघून गेला. आणि बाई तर भर गर्दीत, दोन्ही हातांनी तिकिटं फाडत, कशालाही न धरता उभ्या राहायच्या. नवे कंडक्टर विचारायचे, "बाई, तुम्ही पडत कशा नाही?" तर म्हणायच्या, "ड्रायव्हर बघून नवरा केलाय."

निवृत्तीनंतर मात्र आबांच्या हातांना काम उरलं नाही. जेवायला बसले की ताट धरून नकळत डावीकडे वळवायचे, मग उजवीकडे. बायको म्हणायची, "ताट लागलं ना जागेवर? जेवा आता." शेवटी मुलीला बघवेना. तिचा नवरा कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. त्याने घरातला एक जुना कॉम्प्युटर आणला, त्यात फुकट मिळणारे सगळे प्रोग्रॅम बसवले, बस चालवायचा एक खेळ घातला आणि वर हे स्टिअरिंग भेट दिलं. आबा आधी म्हणाले, "हे पोरखेळ माझ्या वयाला शोभतात का?" आणि मग जेवायलाच उठले नाहीत.

कॉम्प्युटर म्हातारा होता. चित्र चालायचं ते लंगडत, ठेचकाळत. एखादा सायकलवाला रस्ता ओलांडायला निघाला तर आधी या कडेला दिसायचा, मग एकदम मधोमध, मग पार पलीकडे. मधला प्रवास त्याने कधी केला ते त्यालाच ठाऊक. आबांनी ते समजुतीने घेतलं. "जुनी गाडी आहे, पिकअप नाही," ते म्हणायचे, "आपण सांभाळून घ्यायचं." आणि त्यांनी असं सांभाळून घेतलं की रोज संध्याकाळी फेरी संपली की पडद्यावर पाचही तारे चमकायचे. शेजारच्या घरातले हेडमास्तर एकटे राहायचे. त्यांना बिछान्यावर पडलं की झोप येत नसे. एकदा सहज येऊन मागच्या स्टुलावर बसले आणि तिसऱ्या स्टॉपला घोरायला लागले. तेव्हापासून ते रोजचे प्रवासी झाले.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना रविवारी जावई जेवायला आला, आणि चहा उकळेपर्यंत हात रिकामे कशाला ठेवा म्हणून कॉम्प्युटरशी काहीतरी करून गेला. त्या दिवसापासून पाळण्याची दोरीच तुटली. बस सुटायची ती बाणासारखी. वळणं अंगावर यायची. आबा ब्रेक दाबायचे तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं.

छप्पर गेलं त्या संध्याकाळी आबांनी जावयाला फोन लावला.

"जावईबापू, रविवारी तुम्ही त्या कॉम्प्युटरला नक्की काय केलंत?"

"काही विशेष नाही आबा. कर्नल बदलला."

"कोण कर्नल?"

"जुना फारच जुना झाला होता. म्हणून नवा टाकला."

"अहो, पण मुळात तिथे कर्नल कशाला हवा? मी बस चालवतो, रणगाडा नाही."

जावई हसला. मग हसणं आवरून म्हणाला, "कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला मुख्य कारभारी, आबा. पडदा, स्टिअरिंग, कीबोर्ड, सगळ्यांना तोच कामाला लावतो. नव्या कर्नलबरोबर चित्रं दाखवणारा नवा ड्रायव्हरपण आलाय. त्याने फरक पडला असेल."

आबांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"नवा ड्रायव्हर," ते म्हणाले.

"हो. जुन्यापेक्षा कितीतरी चांगला आहे."

आबांनी फोन खाली ठेवला. बायको पदराला हात पुसत दारात येऊन उभी होती. "काय म्हणाले?"

"माझ्या जागी माणूस नेमलाय," आबा म्हणाले. "डेपोने निदान भाषणं करून उतरवलं होतं. जावयाने चहा पिता पिता उतरवलं."

बायकोने फोन उचलला, जावयाशी दोन मिनिटं बोलली आणि त्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोलावून घेतलं.

जावई आला तो फाटकाला गाडी घासतच आला. माणूस हुशार आणि स्वभावाने गोड, पण त्याच्या गाडीच्या चारही कोपऱ्यांवर अनुभवाच्या खुणा होत्या. हेडमास्तर आधीच स्टुलावर येऊन बसले होते. दोन दिवस त्यांना धड झोप मिळाली नव्हती, त्यामुळे या प्रकरणात त्यांचाही जीव गुंतला होता.

जावयाने कॉम्प्युटर तपासला आणि खूश झाला. "बघा आबा, किती सुरेख चालतंय. एकही गचका नाही."

"गचका नाही? अहो, बस पळते कशी बघा. स्टिअरिंग सैल झालंय. ब्रेक उशिरा लागतो."

"ब्रेक तेवढाच आहे. वेळ बदलला." जावई सरसावून बसला. "आधी काय व्हायचं, मशीनला चित्रं वेळेत काढता यायची नाहीत. मग खेळ बिचारा थांबून घ्यायचा, सगळंच हळू करायचा. खेळातलं एक मिनिट इथल्या घड्याळात तीन मिनिटं चालायचं. आता नवा ड्रायव्हर चित्रं भराभर काढतो, त्यामुळे मिनिट मिनिटाएवढं झालं. आता कुठे खरी गती आली."

हेडमास्तर विचारात पडले. "म्हणजे मी एका फेरीत तीन फेऱ्यांची झोप काढत होतो?"

"सर, तुम्हाला फायदाच झाला."

"हे सगळं ठीक आहे," आबा म्हणाले, "पण या गतीला माणसाने चालवायचं कसं? कोणाला जमेल का? तुम्हीच बसा बघू."

जावई बसला. आबा खुर्चीमागे हाताची घडी घालून उभे राहिले, चेहऱ्यावर शिकाऊ ड्रायव्हरची परीक्षा घेणाऱ्याचा भाव. जावयाने एक कचऱ्याचा डबा उडवला, एका वळणावर फुटपाथवर चढला, पण बाकी फेरी पुरी केली. तीन तारे आले. स्वतःची गाडी फाटकाला घासून आलेल्या माणसाला तीन तारे! आबांची घडी जरा सैल झाली.

"तुमचं रोजचं आहे हो कॉम्प्युटरचं," ते म्हणाले. "तुम्हाला सवय."

"जरा सरका," बायको म्हणाली.

"तू?"

"इतकी वर्षं तुमच्या मागे उभी होते. एकदा पुढे बसून बघते."

तिने आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती. बसली, पदर खोचला, चष्मा सावरला, आणि तोंडाने "टिंग टिंग" करून गाडी सोडली. चालवणं कसलं, ती बस ओंजळीत पाणी न्यावं तशी नेत होती. प्रत्येक स्टॉपला थांबायची, चित्रातल्या माणसांना "पुढे सरका, पुढे सरका" म्हणायची, मगच निघायची. एका ठिकाणी मधेच एक सायकलवाला आडवा आला. जावई "अरे अरे" म्हणेपर्यंत तिचा पाय ब्रेकवर गेलेलाही होता. फेरी संपली. चार तारे.

"दार लावायला विसरलात म्हणून एक कापला," जावई म्हणाला. "नाहीतर पाच!"

हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या, पण दोन टाळ्यांनंतर आबांकडे लक्ष गेलं आणि हात मांडीवर ठेवले. बायको उठली, "दूध उतू जाईल" असं काहीतरी पुटपुटली आणि आत गेली. दूध तापत ठेवलेलंच नव्हतं.

आबा खुर्चीत बसले. स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला. "जावईबापू, जुना कर्नल परत बोलवता येतो का?"

"येतो की. त्याला काढून टाकलेला नाही. कॉम्प्युटर सुरू होताना दोघांची नावं येतात. जुन्यावर बोट ठेवायचं."

"म्हणजे निवृत्त केलाय, पण घरातच ठेवलाय," हेडमास्तर म्हणाले.

"तसा एक आमच्याकडे आहे," आतून आवाज आला.

जावयाने जुना कर्नल आणला. पडदा पुन्हा पहिल्यासारखा ठेचकाळायला लागला आणि आबांनी फेरी सुरू केली. हेडमास्तर दुसऱ्याच स्टॉपला घोरू लागले. सगळं पूर्ववत झालं होतं. एकच गोष्ट नवी होती. आबांना आता ते दिसत होतं. सायकलवाला रस्त्याच्या मधोमध अडकून उभा होता, एक पाय वर, एक पाय खाली, जणू म्हणत होता, आबा, तुमचं होऊ द्या निवांत, मी थांबतो. स्टॉपवरची बाई हात वर करून ताटकळली होती. सिग्नल लाल होण्याआधी विचार करत होता. अख्खं शहर त्यांच्यासाठी दम धरून उभं होतं. आबांनी ब्रेक अगदी अलगद दाबला, बस अगदी अलगद थांबली, आणि पडद्यावर पाच तारे आले.

त्यांनी ताऱ्यांकडे बघितलंसुद्धा नाही.

जावई निघाला तेव्हा आबा त्याला सोडायला फाटकापर्यंत गेले. गाडीवरचा नवा ओरखडा बोटाने चाचपला.

"एक विचारू?"

"विचारा ना."

"रस्त्यावर कोणता कर्नल असतो?"

जावयाला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तो किल्ली उगाच या हातातून त्या हातात करत राहिला. खोटं बोलायला त्याला आवडलं असतं, पण जमत नसे.

"नवाच, आबा," तो म्हणाला.

आबांची स्वतःची एक छोटी गाडी होती. निवृत्त झाल्यापासून ती निम्म्या गल्लीची गाडी झाली होती. कोणाला दवाखान्यात जायचं, कोणाला पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं, आबांना सांगायचं. रिक्षा मिळत होत्या, पण आबांच्या शेजारी बसलं की माणसं म्हणायची, "काही होणार नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी हेडमास्तरांना दाढ काढायला न्यायचं होतं. बायको म्हणाली, "मीही येते, मला बाजारात काम आहे." बाजारात तिचं काही काम नव्हतं हे आबांना ठाऊक होतं. त्यांनी मागचं दार उघडलं. ती मागे बसली.

हेडमास्तर दाढेच्या भीतीने अखंड बोलत होते. डॉक्टर तरुण आहे, तरुण डॉक्टरांना उपटायची घाई असते, आपल्या वेळी दाढा आपण होऊन पडायच्या. आबा "हं, हं" करत होते. नेहमीचाच रस्ता होता. शाळेपुढच्या चौकात पांढऱ्या पट्ट्यांवर एक बाई बाबागाडी ढकलत उतरली. घाईघाईने नाही, सावकाश. आबांनी तिला पाहिलं. लगेच पाहिलं, यात शंका नाही. पाहिलं, ब्रेक दाबायचा असं मनात आलं, आणि मनात येणं आणि पाय जाणं यांच्या मधे कुठेतरी थोडीशी मोकळी जागा राहिली.

गाडी थांबली. पुढची चाकं पांढऱ्या पट्ट्यांवर होती.

कोणाला काही झालं नाही. बाईने एकदा मान वळवून बघितलं, बाबागाडीचं झाकण नीट केलं आणि पलीकडे निघून गेली. हेडमास्तर म्हणत होते, "आणि भूल दिली तरी आवाज तर ऐकू येतोच ना!" त्यांना काही कळलंही नव्हतं. मागून कोणी हॉर्नही वाजवला नाही.

आबांनी आरशात पाहिलं. बायकोच्या हाताची पाचही बोटं पुढच्या सीटच्या पाठीत रुतली होती. तिने आरशाकडे बघितलं, तेव्हा तिलाही आपला हात दिसला. तिने तो हळूच काढून घेतला आणि मांडीवरच्या पिशवीत काहीतरी शोधायला लागली.

दवाखान्यासमोर आबांनी गाडी लावली. अशी लावली की फुटपाथ आणि चाक यांच्यात एक काडी सरकावी. इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, खिडक्यांच्या काचा वर केल्या. हेडमास्तर आत गेले.  आबांनी किल्ली काढून, मागे न बघता, हात खांद्यावरून मागे केला.

"हे ठेव."

"दमला असाल तुम्ही," बायको म्हणाली. "रात्री झोप झाली नाही तुमची. कूस बदलत होतात."

"झोप झाली. मी दमलेलो नाही." आबांचा हात तसाच मागे होता. "कर्नल नवा आहे गं सगळीकडे. मीच तेवढा जुन्यावर चालतोय."

ती हसणार होती. निम्मं हसली. मग किल्ली घेतली आणि पिशवीत अगदी तळाशी टाकली.

अर्ध्या तासाने हेडमास्तर बाहेर आले. गालावर कापूस, जीभ बधिर, डोळ्यांत पराक्रमाचं तेज. आबा आणि बायको फुटपाथवर उभे बघून ते चक्रावले.

"गाली कुथे?" त्यांनी विचारलं.

"गाडी इथेच आहे. आपण बसने जातोय."

"का?"

"संध्याकाळी जावईबापू येऊन नेतील गाडी."

"जावई?" हेडमास्तरांनी गाडीकडे असं पाहिलं, जणू ती आता परत दिसायची नाही. "अले लामा!"

बायकोला हसू आवरेना. आबांनाही आवरेना. भर रस्त्यात तिघं म्हातारी माणसं हसत उभी, त्यातल्या एकाला तर आपण का हसतोय तेही माहीत नाही आणि हसलं की दाढ दुखतेय.

बस आली ती नेमकी जुन्या मार्गाची. चालवत होती एक तरुण मुलगी. ती ब्रेक मारायची तो जरा करकचून. तिघं वर चढले. बायकोने तिकिटं घेतली आणि सवयीने सुट्टे मोजून परत घेतले. ड्रायव्हरच्या मागचं बाक रिकामं होतं. हेडमास्तरांनी आबांना खुणेनेच तिकडे बसायला सांगितलं. तिथून पुढचा रस्ता दिसतो.

आबांनी एकदा त्या बाकाकडे पाहिलं. मग मान हलवून मागे गेले आणि मधल्या खिडकीपाशी बसले. बायको शेजारी टेकली. हेडमास्तर पुढच्या बाकावर बसताक्षणी पेंगायला लागले.

बस निघाली. आबांनी खिडकीबाहेर पाहिलं. हा रस्ता त्यांना डोळे मिटून पाठ होता: कुठे खड्डा, कुठे उतार, कोणत्या झाडाची फांदी टपाला लागते. पण तो समोरून आलेला रस्ता. खिडकीतून दिसत होतं ते काही वेगळंच चाललं होतं. दुकानांच्या नुसत्या पाट्या त्यांना ठाऊक होत्या. आता दुकानं आतपर्यंत दिसत होती. एक घड्याळजी डोळ्याला भिंग लावून वाकला होता. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत कोणीतरी केस वाळवत होतं.

"हे घड्याळाचं दुकान कधी झालं?" आबांनी विचारलं.

"कधीचंच आहे. आता म्हाताऱ्याचा मुलगा बसतो तिथे." बायको खिडकीकडे झुकली. "आता बघा हं, पिवळी इमारत येईल. तिच्या दुसऱ्या मजल्यावर एक बाई खिडकीत मशीन घेऊन शिवत बसायची. आपली गाडी गेली की मान वर करायची. मी रोज हात करायचे."

पिवळी इमारत आली. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी बंद होती, पण आतल्या बाजूला कोणीतरी कुंड्या मांडल्या होत्या. दोघांनीही माना वळवून ती मागे पडेपर्यंत बघितली.

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुमचं लक्ष रस्त्यावर असायचं."

पुढे ड्रायव्हर मुलीने करकचून ब्रेक मारला. हेडमास्तरांचं डोकं समोरच्या दांडीवर आपटता आपटता राहिलं.  आबांनी काचेवरचा आपल्या श्वासाचा धुरकट डाग बाहीने पुसला, कपाळ काचेला टेकवलं आणि विचारलं,

"आता पुढे काय येतं?"